नानाखेड्याची गोविनोदबंदी उठली त्याची हकीकत

श्रीमहाकालाचे चरणी मस्तक ठेवून मजकूर लिहितो ऐसाजे. अवंतिका क्षेत्री, जेथे काळाचाही काळ बसला आहे आणि तरी कोणाचे घड्याळ वेळेवर नाही, त्या उज्जयिनी नगरीच्या दक्षिणेस नानाखेडा म्हणून बस अड्ड्याचा मुलूख आहे. तेथे शिप्रासंगम नावाची एकशे बारा घरांची कॉलनी आहे. तीत शके १९४७ विश्वावसुनाम संवत्सरी आश्विनमासी जे युद्ध जाहले, ज्यात रक्ताचा थेंब सांडला नाही परंतु चहा पुष्कळ सांडला, ते कैसे उद्भवले, कोणी लढले आणि कोणास यश आले, हे पुढील पिढ्यांस ठाऊक असावे म्हणून साद्यंत लिहिले आहे. लिहिणाराने पक्ष धरिला नाही. धरिला असल्यास तो वाचणारास आपोआप कळेल.

त्या कॉलनीत राजश्री दिलीपराव पागनीस वास्तव्यास होते. यांचे पूर्वज सरदारांच्या फौजेबरोबर माळव्यात उतरले आणि पागेतील घोड्यांची हजेरी लिहीत राहिले, म्हणून पागनीस. दिलीपरावांनी रेल्वेच्या पार्सल कचेरीत छत्तीस वर्षे चाकरी केली आणि सन्मानाने निवृत्त जाहले. पूर्वजांस घोडे मिळाले, यांस पेट्या मिळाल्या, परंतु यांचे चित्त सदैव गायींत. गायी पाळण्यात नव्हे; गायींवर शब्दांच्या कोट्या करण्यात. रोज सकाळी सात वाजता स्नान करून, कपाळी गंध लावून, दिलीपराव कॉलनीच्या व्हॉट्सॲप दरबारात एक गोविनोद रवाना करीत, आणि मग जणू किल्ला सर केला ऐशा चर्येने पोह्यांवर शेव घालून घेत.

हे विनोद कोणत्या मगदुराचे होते, त्याचा मासला येथे दाखल करणे प्राप्त आहे. गाय अ वर्गातून ब वर्गात गेली, तर अ वर्गातून ती काय जाहली? गायब. जी गाय नाही तिच्या आवाजास काय म्हणावे? गाय-न, यास्तव म्हैस ओरडते ते गायन. गायीने एकटीने प्यावयाचे पाणी ते गोपनीय. गवळी देवासचा, परंतु रोज पहाटे काढतो ती मात्र धार. आणि ज्या दिवशी कॉलनीसमोरचा रस्ता त्या वर्षात तिसऱ्यांदा खणला गेला, त्या दिवशीचा विनोद ऐसा, की जिला कास आहे आणि दूधही आहे ती गाय झकास. जिला नुसतीच कास आहे, दुधाचा पत्ता नाही, तो विकास. या शेवटल्या विनोदास अकरा हसरे चेहरे आले. एरवी चार येत, त्यातला एक चुकून दाबलेला.

यांचे कुटुंब सौभाग्यवती प्रतिभाबाई. त्यांनी कन्याशाळेत एकतीस वर्षे हिंदी शिकविले, आणि त्यांच्या लाल पेनास शहरातील निम्म्या सुना अजून भितात. बाईंस हे विनोद रुचत होते ऐसे लिहिल्यास खोटे होईल. प्रत्येक विनोद रवाना होण्याअगोदर त्यांस स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून ऐकविला जाई, आणि बाई पोळी उलटता उलटता इतकेच म्हणत, "ऐकला. आता आंघोळीचा टॉवेल वाळत घाला." संसार येणेप्रमाणे उत्तम चालला होता.

त्याच कॉलनीचे सेक्रेटरी अभिजीतराव गोगटे. मोठ्या कारखान्यातून मोठ्या हुद्द्यावरून उतरलेले, बुशशर्टाच्या खिशात दोन पेने बाळगणारे, आणि सात वर्षे सेक्रेटरीपदी कायम, कारण सात वर्षांत दुसरे कोणी उभे राहिले नाही. शिस्त ऐसी की कुंड्या एका रेषेत, गाड्या एका रेषेत. कॉलनीच्या फाटकावर 'आवारा पशुओं का प्रवेश वर्जित' हा फलक त्यांच्याच सहीचा. फाटकाबाहेर एक तांबडी गाय दिवसभर बसे आणि कचऱ्याच्या पिशव्या चघळी. पहारेकऱ्यास काठी देऊन हुकूम केला होता की ती आत पाऊल घालील तर हाकावी.

आश्विन शुद्ध षष्ठीस दिलीपरावांच्या बुद्धीस काय जाहले कळत नाही. सकाळी सात वाजता दरबारात विनोद दाखल जाहला तो ऐसा: गायींनी मिळून आपली सोसायटी काढली, तिचे नाव काय? गो-गट. आणि तिचा कारभार पाहणारे ते कोण? गोगटे.

या विनोदास एकसष्ट हसरे चेहरे आले.

एकसष्ट! दिलीपराव मोबाईल छातीशी धरून घरभर फिरले आणि पोहे निवले तरी बसले नाहीत. परंतु प्रतिभाबाईंनी चष्मा लावून तो मजकूर वाचला आणि त्या म्हणाल्या, "अहो, हे तुम्ही गायीवर नाही केलंत. माणसावर केलंत." त्यावर दिलीपराव म्हणाले की गोगटे समजूतदार गृहस्थ आहेत. समजूतदार गृहस्थाने साडेनऊ वाजता पहिले फर्मान सोडिले. त्यात आडनावाचा उल्लेख नव्हता. उल्लेख गोमातेचा होता, आस्थेचा होता, आणि सदस्यांच्या दुखावलेल्या भावनांचा होता, जरी कोणत्या सदस्याची कोणती भावना कोठे दुखली ते लिहिले नव्हते. आणि आज्ञा ऐसी होती की इतःपर 'गाय' या शब्दावर कोणी कसलाही विनोद करू नये.

येथे दिलीपरावांनी गप्प बसावयाचे होते. परंतु ज्याने एकसष्ट पाहिले तो चारावर कैसा यावा? दुसऱ्या दिवशी सात वाजता त्यांनी लिहिले की जिचे नाव घेण्यास मनाई आहे ती खरी गो-पनीय. साडेनऊ वाजता दुसरे फर्मान आले, की 'गो' हे अक्षरही वर्ज्य. तिसऱ्या दिवशी दिलीपरावांनी लिहिले की आता बोलावयास काही चाराच उरला नाही, म्हणून मी बेचारा. तेव्हा सेक्रेटरीसाहेबांनी दोन्ही पेने खिशातून काढिली आणि तिसरे, थोरले फर्मान लिहिले. त्याची सुरुवात अस्सल येणेप्रमाणे: "कॉलनी में आपसी भाईचारा बना रहे, इस हेतु सूचित किया जाता है..." पुढे हुकूम, की गाय, गो, चारा, कास, दूध, शिंग आणि गायीशी निगडित कोणताही शब्द, मग तो सुटा असो वा दुसऱ्या शब्दाच्या पोटात दडलेला असो, या दरबारात कोणी लिहू नये, लिहिल्यास हद्दपारी. दिलीपराव पागनीस यांची हद्दपारी तात्काळ अंमलात. तसेच वसुबारसेच्या सोहळ्यात अकरा वर्षे माइक त्यांच्या हाती असे, तो यंदा त्यांच्या हाती देऊ नये.

आणि दरबाराच्या पटावर अक्षरे उमटली: दिलीपराव यांस काढण्यात आले.

पहिले तीन दिवस प्रतिभाबाईंस मोठे सुख वाटले. सकाळ शांत गेली. दाराशी कोणी उभे राहिले नाही, पोळी करपली नाही, टॉवेल आपोआप वाळत पडला. चौथ्या दिवशी त्यांच्या ध्यानी आले की टॉवेल वाळत घालणारा मनुष्य गॅलरीत तसाच उभा आहे, खाली पाहत. पाचव्या दिवशी वसुबारसेच्या माइकाचा विषय निघाला. दिलीपराव म्हणाले, "लोकांना नाही आवडत तर कशाला? वय झालं आता, प्रतिभा." आणि टीव्हीचा आवाज बंद ठेवून नुसती चित्रे पाहत बसले.

सहाव्या दिवशी बाईंनी मुद्दाम चाल केली. चहाची पातेली उतरवीत त्या मोठ्याने म्हणाल्या, "अहो, आज दूध फारच पातळ आलंय."

एरवी या एका वाक्यावर तीन विनोद पडले असते, आणि त्यातला एक शिप्रेच्या पाण्यावर गेला असता. बाई पाठमोऱ्या उभ्या राहून वाट पाहत राहिल्या. चहास उकळी आली आणि गेली.

"दूधवाला बदलून टाक," दिलीपराव म्हणाले.

तेव्हा प्रतिभाबाईंनी गॅस बंद केला. त्या क्षणी त्यांच्या मनी काय आले ते त्यांनी कोणास सांगितले नाही. परंतु शेजारच्या कल्पनाभाभी, ज्या वाळवणाची ताटे घेऊन गॅलरीत उभ्या होत्या, त्यांनी पाहिले की मास्तरीणबाई डोळे पुसून आत गेल्या आणि लाल पेन घेऊन बाहेर आल्या. कल्पनाभाभींनी विचारिले, "भाभीजी, भाईसाब की तबीयत तो ठीक है ना? सुबह सात बजे मोबाइल नहीं बजता तो हमारे ये उठते ही नहीं." प्रतिभाबाई म्हणाल्या, "तबीयत ठीक आहे. आवाज बंद आहे. वो चालू करवाना है." आणि मग दोघींची मसलत बसली.

मसलतीत बाईंनी तिसरे फर्मान समोर ठेविले आणि इयत्ता नववीचा पेपर तपासावा तैसे तपासिले. तीन वेळा वाचिले. चौथ्या वेळी 'दुसऱ्या शब्दाच्या पोटात दडलेला असो' या ओळीखाली लाल रेघ ओढिली. कल्पनाभाभींनी विचारिले की आता काय, विरोध करायचा? बाई म्हणाल्या, "विरोध नाही हो. पालन. असं पालन की यांनी आयुष्यात कधी पाहिलं नसेल."

दुसऱ्या दिवशी प्रातःकाळी मोहीम सुरू जाहली. तीन नंबरवाल्यांनी दरबारात इतल्ला दिली की फाटकावरच्या भाजीवाल्याकडे आज गोभी ताजी आहे. पाचव्या मिनिटास प्रतिभाबाईंचा खलिता दाखल: 'गोभी' शब्दात 'गो' आहे, सेक्रेटरी महोदयांनी नियमानुसार कार्यवाही करावी, सादर. चाळीस नंबरच्या डॉक्टरांनी कोणास लिहिले की गोली दिन में दो बार. बाईंचा खलिता, सादर. एका घराने वॉशिंग मशीन दुरुस्त करणाऱ्याचा पत्ता विचारिला. 'वॉशिंग' मध्ये शिंग असल्याची बाईंनी नोंद घेतली, सादर. निहारिका नावाची गुणी मुलगी कॉलनीत संगीत शिकवी, तिच्या गायनवर्गावर खलिता जाऊ लागला तेव्हा बाईंचा हात जरा थांबला. परंतु युद्धात नात्यागोत्याचा विचार करता येत नाही, आणि 'नात्यागोत्याचा' या शब्दातही 'गो' आहे, म्हणून तोही गेला.

गोगटेसाहेब नियमाचे गृहस्थ. नियम मोडिला म्हणून एकास काढिले, तर दुसऱ्यास कैसे ठेवावे? पहिले दिवशी त्यांनी सात जणांस ताकीद दिली. दुसरे दिवशी डॉक्टरांस काढिले, आणि डॉक्टरांचा रक्तदाब सेक्रेटरींमुळे वाढला. तिसरे दिवशी दूधवाल्याचा निरोप आला की गाडी बिघडली, दूध नऊ वाजता येईल. त्यात दूध होते म्हणून तो निरोप खोडण्यात आला, आणि एकशे बारा घरे हातात पातेली घेऊन सहा वाजल्यापासून फाटकाशी उभी राहिली. तेथे बसलेल्या तांबड्या गायीने इतकी पातेली एकवट कधी पाहिली नव्हती. ती घाबरून उठली आणि देवासच्या दिशेने निघून गेली, ती दुपारी परत आली.

मग लोक सेक्रेटरींवर खफा जाहले. गोगटेसाहेबांनी दरबारास कुलूप लाविले, की आता केवळ सेक्रेटरीच लिहितील. त्या सायंकाळी त्यांनी लिहिले की जल निकास का कार्य प्रगति पर है. बाईंस आता दरबारात लिहिता येत नव्हते, म्हणून त्यांनी खलिता कागदावर लिहिला आणि स्वतः जाऊन साहेबांच्या दाराखालून आत सरकविला: 'निकास' मध्ये कास आहे. सादर.

तेव्हा गोगटेसाहेब जिन्यात प्रतिभाबाईंस आडवे जाहले. हा प्रसंग दोन्ही बाजूंच्या साक्षी काढून लिहिला आहे.

"वहिनी, हे तुम्ही काय करून राहिल्या?"

"तुमच्या हुकुमाची अंमलबजावणी."

"मी हे सगळं गायीच्या सन्मानासाठी केलं. तुम्ही शिकलेल्या आहात, तुम्हाला समजायला पाहिजे."

"मग फाटकावर बसते ती कोण?"

गोगटेसाहेबांनी जिन्याच्या खिडकीतून पाहिले. पहारेकरी काठी आपटीत होता. "ती मोकाट आहे," ते म्हणाले. "तिचा काय संबंध?"

"बरोबर. हुकुमात लिहिली तर माता, फाटकावर बसली तर मोकाट." बाई दोन पायऱ्या वर चढल्या. "पूजेला तर टेम्पोतून आणणार आहात ना? स्वच्छ, वासरासकट?"

साहेब तसेच जिना उतरून खाली गेले. बाईंस वाटले, आपण जिंकलो. आणि घरी येऊन पाहतात तो दिलीपराव त्याच खुर्चीत, त्याच मुक्या टीव्हीसमोर. तेव्हा त्यांनी जाणिले की गनीम हैराण करणे निराळे, आणि आपला मनुष्य परत आणणे निराळे.

वसुबारसेच्या आदल्या सायंकाळी वार्षिक सर्वसाधारण सभा भरली. सभागृहात प्लास्टिकच्या खुर्च्या, कचोऱ्यांचे ताट, आणि एरवी वीस माणसे येत तेथे नव्वद आली, कारण रणाची वार्ता पसरली होती. दिलीपराव येत नव्हते. बाईंनी त्यांचा सदरा इस्त्री करून पलंगावर ठेविला आणि "तुम्ही फक्त बसा" ऐसे म्हणून त्यांस शेवटच्या रांगेत आणिले. स्वतः पहिल्या रांगेत बसल्या, मांडीवर वही.

सेक्रेटरीसाहेबांनी अहवाल वाचावयास घेतला. "इस वर्ष कॉलनी के सर्वांगीण विकास—"

"हरकत," प्रतिभाबाई उभ्या राहिल्या. "कास."

सभेत खसखस पिकली. साहेब म्हणाले, "ठीक है. उन्नति. इस वर्ष कॉलनी की उन्नति के लिए जल निकास—"

"कास."

"पानी जाने का रास्ता," साहेब दात आवळून म्हणाले. मग त्यांनी जमाखर्चाचा कागद काढिला, गोषवारा म्हणावयास गेले, 'गोष' म्हणाले आणि आपणच थांबले, कपाळ पुसले आणि 'सार' म्हणाले. मग म्हणाले की मैदान के गोल—, आणि पुन्हा थांबले, आणि हाताने हवेत वर्तुळ काढून दाखविले. लोक खुर्च्यांवर आडवे होऊन हसू लागले. डॉक्टर, ज्यांस काढिले होते, ते उभे राहून टाळ्या वाजवू लागले. साहेब एक एक शब्द चाचपडत, जणू चिखलात पाय टाकावा तैसे, पुढे सरकत होते. आणि प्रत्येक वेळी त्या वहीवरून पेन वर होई.

मग बाईंनी शेवटचा हल्ला केला. त्या म्हणाल्या की तिसरा हुकूम सभेस वाचून दाखविण्याची परवानगी असावी. आणि परवानगीची वाट न पाहता वाचिला. "'कॉलनी में आपसी भाईचारा बना रहे.' सेक्रेटरीसाहेब, तुमच्या हुकुमाच्या पहिल्याच ओळीत चारा आहे. भाईच्या पोटात. हुकूम लिहिणाऱ्यानंच हुकूम मोडलाय. मग हद्दपारी कोणाची?"

सभागृह दणाणले. शेवटच्या रांगेतून कोणी तरी लांब आवाज काढिला: हम्मा. आणखी एकाने काढिला. मग चारी बाजूंनी.

गोगटेसाहेबांनी कागद टेबलावर ठेविला. त्यांचा चेहरा पाहून प्रतिभाबाईंच्या हातातील पेन थांबले, कारण त्यांनी एकतीस वर्षे वर्गात तो चेहरा पाहिला होता. सगळा वर्ग ज्याला हसतो त्या पोराचा तो चेहरा असतो.

"माझं आडनावही काढा मग," साहेब म्हणाले. हिंदी सुटली होती. "त्यातही आहे ना? सकाळी फिरायला जातो तर पोरं हंबरतात. भाजीवाला हसतो. मला समजतं हो, विनोद आहे. सुमन होती तेव्हा ऑफिसात मला काय काय म्हणायचे, मी घरी येऊन तिला सांगायचो, आणि ती हसायची, मग मीही हसायचो. आता घरी सांगायला कोणी नाही. एकट्यानं ऐकलं की विनोद टोचतो." ते खाली बसले. "गायीचं नाव मी उगाच घेतलं."

हम्मा करणारे आपल्या बुटांकडे पाहू लागले. साहेबांचे कुटुंब सुमनवहिनी जाऊन दोन वर्षे जाहली होती, आणि त्या दोन वर्षांत कुंड्या आणि गाड्या एका रेषेत का आल्या, हे प्रतिभाबाईंस त्या समयी कळले. त्यांनी वही मिटली. जय समोर उभा होता, एक पाऊल टाकावयाचे होते, आणि त्यांस ते टाकवेना.

तेव्हा शेवटच्या रांगेतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. अठरा दिवस एकही कोटी न केलेले दिलीपराव पागनीस चालत पुढे आले. इस्त्रीचा सदरा, कपाळी गंध. त्यांनी टेबलावरचा पाण्याचा ग्लास उचलून गोगट्यांच्या हाती दिला आणि म्हणाले, "गोगटेसाहेब, चुकलो. ती म्हणाली होती मला त्याच दिवशी, तुम्ही गायीवर नाही, माणसावर केलंत. मी एकसष्ट मोजत बसलो होतो."

साहेब पाणी प्यायले. ग्लास टेबलावर ठेविला. मग म्हणाले, "हुकूम परत घेतो."

तेथेच तह जाहला. ठरले ऐसे, की गाय, गो, चारा, कास, दूध आणि शिंग हे सर्व शब्द बंदीतून मुक्त, डॉक्टर आणि पागनीस दरबारात परत, माइक पागनिसांकडे. त्या बदल्यात पागनिसांनी कोणाच्या आडनावावर विनोद करावयाचा तर अगोदर त्या गृहस्थाच्या घरी जाऊन, चहा पिऊन, त्यास समोरासमोर ऐकवावा. तो हसला तरच रवाना करावा. फाटकावरचा फलक काढावा की नाही यावर एक तास वाद जाहला आणि तो विषय पुढील सभेवर तहकूब ठेविला, कारण गायीच्या सन्मानास सर्व राजी होते, तिच्यासाठी पाण्याची टाकी कोणाच्या दारासमोर बसवावी यास कोणी राजी नव्हते. प्रतिभाबाईंनी दुसऱ्याच दिवशी आपल्या जिन्याच्या दारासमोर पाण्याचे घमेले भरून ठेविले.

वसुबारसेस सायंकाळी टेम्पोतून गाय आली, वासरासकट, झूल घालून. बायकांनी पूजा केली, बाजरीची भाकरी आणि गवारीची भाजी जाहली, आणि दिलीपराव माइक घेऊन उभे राहिले. प्रतिभाबाई पूजेचे ताट हाती धरून पाहत होत्या. दिलीपरावांनी खिशातून कागद काढिला, वाचिला, परत ठेविला.

"मी इथं अकरा वर्षं गायीच्या गोष्टी सांगतोय," ते म्हणाले, "आणि यंदा काय सांगावं ते खरंच सुचत नाही."

कोणी टाळी वाजविली नाही. आणि तेवढ्यात पहिल्या रांगेतून गोगटेसाहेब उठले, दोन पेनांचा खिसा सावरला, आणि सरकारी सूचना वाचावी ऐशा कोरड्या आवाजात म्हणाले:

"पागनीस, सुचणार कसं? अकरा वर्षं तुम्ही गायीच्या गोष्टी सांगताय, एकीनं कपभर दूध दिलं नाही. त्यालाच भाकडकथा म्हणतात."

एक क्षण कोणास काही कळले नाही. मग कल्पनाभाभींनी मराठी शेजारणीस विचारिले, "भाकड मतलब?" शेजारीण म्हणाली, "वो गाय जो दूध नहीं देती," आणि भाभींच्या हातचे ताट कलंडले. मग डॉक्टर, मग निहारिका, मग पहारेकरी. सारा मंडप ऐसा हसला की टेम्पोतून आलेली गाय मान वर करून पाहू लागली. प्रतिभाबाई पदर तोंडाशी धरून हसल्या, आणि मग पदर सोडून हसल्या. गोगटेसाहेब उभेच होते. त्यांस बसावे की पळावे हे समजेना, आणि मग त्यांच्याही खांद्यांस हिसका बसला, आणि ते हसले, अगोदर आवाज न करता, आणि नंतर मोठ्याने.

दिलीपराव माइक हाती घेऊन उभे. त्यांचे तोंड उघडे राहिले होते. चाळीस वर्षे गायींवर शब्द जुळविले, गायब जाहले, गायन जाहले, विकासही सुटला नाही. परंतु जिभेवर रोज असणारी भाकडकथा, तिच्यात भाकड गाय बसली आहे, हे त्यांनी कधी पाहिले नव्हते. ही शिकस्त साधी नव्हे.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहा वाजता ते गोगट्यांच्या दाराशी हजर जाहले. आत चहा जाहला, दोन वेळा जाहला, आणि आठ वाजून गेले तरी दरबारात विनोद आला नाही, म्हणून कल्पनाभाभींचे यजमान उशिरा उठले.

येणेप्रमाणे शिप्रासंगमची गोविनोदबंदी आश्विन वद्य पक्षी उठली. मोहीम नामजद केली सौभाग्यवती प्रतिभाबाई पागनीस यांनी, शर्थ केली त्यांनी, आणि समोर आलेला जय वहीत मिटून ठेविला तोही त्यांनी. सबब फत्ते त्यांच्या नावे दाखल. मोहिमेतील उत्तम विनोद अभिजीतराव गोगटे यांच्या नावे दाखल. दिलीपराव पागनीस यांच्या नावे काय दाखल करावे, म्हणून त्यांसच विचारिले. ते गॅलरीतून खाली पाहत राहिले, आणि मग म्हणाले,

"लिहा, हसलो."